अवंतीचे पाच अपवाद आणि कोलंबोचं विद्योदय

इंदुरात बुद्धाचा विषय निघाला की बोलणं दोनच ठिकाणी जातं. एक महू, कारण तिथे १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला. दुसरं सांची, कारण शाळेची सहल तिथे जाते. या दोन्हींच्या मध्ये आणखी एक धागा आहे, आणि तो समुद्रापलीकडे जाऊन परत येतो. या टिपणात तो धागा उलगडायचा प्रयत्न केला आहे. मध्यभागी आहे कोलंबोचं एक बौद्ध विद्यालय आणि तिथे जाऊन राहिलेला एक गोव्याचा माणूस. पण सुरुवात आपल्या माळव्यापासूनच करावी लागते.

'महावंस' या सिंहली परंपरेच्या पालि ग्रंथात सांगितलं आहे की अशोक तरुणपणी उज्जयिनीचा कारभार पाहायला निघाला, वाटेत विदिशेला एका श्रेष्ठीच्या घरी उतरला, आणि त्या श्रेष्ठीची मुलगी देवी हिच्याशी त्याचा संबंध जुळला. त्यांचा मुलगा महिंद. जन्म उज्जयिनीचा. हाच महिंद पुढे भिक्षू झाला आणि धम्म घेऊन सिंहलद्वीपात गेला. निघण्याआधी तो आईला भेटायला विदिशेला आला आणि तिथल्या विहारात राहिला असंही महावंस म्हणतो. म्हणजे श्रीलंकेत धम्म नेणारा माणूस जन्माने उज्जैनकर आणि आजोळाने विदिशेचा. आपल्याकडे किती जणांना हे ठाऊक असतं? लंकेत मात्र हे शाळकरी पोराला माहीत असतं.

महिंदाची एक गोष्ट मला फार आवडते. बुद्धघोषाच्या विनय-टीकेत ती येते. लंकेचा राजा देवानंपिय तिस्स याने विचारलं, आता शासन इथे रुजलं ना? महिंद म्हणाला, उभं राहिलंय, पण मूळ धरलेलं नाही. मग मूळ कधी धरेल? तर या बेटावर जन्मलेल्या, याच बेटावरच्या आईबापांच्या मुलाने इथेच प्रव्रज्या घेतली, इथेच विनय शिकला आणि इथेच तो शिकवायला बसला, की समजायचं मूळ धरलं. विहार किती बांधले, राजा किती उदार, याचा हिशेब नाही. कसोटी एकच, आणि ती शिक्षकाची. ही कसोटी ध्यानात ठेवा, कारण पुढे ती आपल्यालाच लावायची आहे.

दुसरी गोष्ट विनयपिटकाची, महावग्गातल्या चर्मस्कंधकाची. ही तर थेट आपल्या मातीची आहे. अवंतीत कुररघर नावाच्या गावाजवळच्या डोंगरावर महाकच्चान नावाचे थेर राहत होते. परंपरेने ते उज्जयिनीच्या राजा चंडप्रद्योताच्या पुरोहिताचे चिरंजीव. त्यांची सेवा करणारा सोण कुटिकण्ण नावाचा गृहस्थ भिक्षू व्हायचं म्हणून मागे लागला. प्रव्रज्या झाली, पण उपसंपदेला दहा भिक्षूंचा संघ लागतो, आणि त्या काळी अवंती आणि दक्षिणापथात भिक्षू इतके विरळ की दहा जण गोळा करता करता तीन वर्षं गेली. पुढे सोण बुद्धाला भेटायला श्रावस्तीला निघाला तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच मागण्या पाठवल्या.

त्या मागण्या वाचल्या तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. आमच्याकडे दहा भिक्षू मिळत नाहीत, तेव्हा कमी संख्येच्या संघाला उपसंपदेची परवानगी द्यावी. आमच्याकडची जमीन वर काळी, कडक आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तेव्हा जाड, अनेक पदरी वहाणा चालाव्यात. आमच्या लोकांना आंघोळीचं महत्त्व फार, तेव्हा रोज आंघोळ चालावी. आमच्याकडे मेंढी, बकरी, हरीण यांची कातडी अंथरायची पद्धत आहे, ती चालावी. आणि परगावी गेलेल्या भिक्षूसाठी कोणी चीवर देऊन ठेवलं, तर ते हातात पडेपर्यंत मुदतीचे दिवस मोजू नयेत.

तिसेक वर्षं मी बांधकामाच्या साइटवर काढली. माळव्याची काळी माती काय चीज आहे हे मला कुणी सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसानंतर गुरं चालून गेली की खुरांचे खळगे वाळून असे टणक होतात की पातळ चपलेतून पाय सोलून निघतात. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे नेमकं पाहिलं, त्यासाठी अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. मूळ स्पेसिफिकेशन मगधच्या साइटसाठी केलेलं, अवंतीची साइट वेगळी, म्हणून दुरुस्ती. बुद्धाने पाचही मागण्या मान्य केल्या आणि मध्यदेशाच्या सीमेबाहेरच्या सगळ्या प्रांतांना त्या लागू केल्या. उपसंपदेला पाच जण पुरे ठरले, त्यातला एक विनयाचा जाणकार असला म्हणजे झालं.

आंघोळीचा मुद्दा गमतीचा आहे. मध्यदेशात भिक्षूंनी पंधरवड्यातून एकदाच आंघोळ करावी असा नियम होता, आणि त्यामागचं कारण असं की राजगृहाच्या उष्ण कुंडावर भिक्षू तासन् तास डुंबत बसले आणि बिंबिसार राजाला ताटकळत बसावं लागलं, तोवर नगराचे दरवाजे बंद झाले. अवंतीच्या लोकांना हा नियम मानवणं शक्यच नव्हतं. 'आंघोळ न केलेला साधू' इथे कोणी दारात उभा केला नसता. आजही करणार नाहीत.

या नियमांच्या अभ्यासासाठी जगभरातून माणसं जिथे जमत, ते विद्योदय पिरिवेण. पिरिवेण म्हणजे विहाराला जोडलेलं विद्यालय. हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेरांनी १८७३ साली कोलंबोत मालिगाकंद इथे ते सुरू केलं. पैसा कोलंबोच्या बौद्ध व्यापारी गृहस्थांनी उभा केला. इंग्रजी राज्यात सरकारी आश्रय मिशनरी शाळांना होता. बौद्धांचं शिक्षण देवळाच्या ओसरीपुरतं उरलं होतं. त्याच वर्षी पानदुऱ्याला मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांचा पाद्र्यांशी जाहीर वाद झाला, हजारो लोक जमले, आणि त्याची बातमी अमेरिकेपर्यंत गेली. १८८० साली कर्नल ऑल्कॉट लंकेत आले त्यामागे हा वाद होता. वाद गाजला, पण टिकून राहिली ती शाळा. गर्दीपुढे जिंकलेल्या वादापेक्षा विद्यार्थी घडवणारी शाळा जास्त पुरते, असं मला वाटतं, पण हे जाऊ दे.

विद्योदयात पालि, संस्कृत आणि सिंहली शिकवत. व्याकरण, विनय, अभिधम्म यांच्या जोडीला वैद्यक आणि ज्योतिषही असे. विद्यार्थी भिक्षू तसेच गृहस्थही. लंकेचे तर होतेच, पण ब्रह्मदेश, सयाम, कंबोडिया आणि जपानहूनही येत. जपानचा झेन भिक्षू शाकू सोएन १८८७ साली पालि शिकण्यासाठी लंकेत आला होता. पुढे १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत तो जपानतर्फे बसला. कलकत्त्याचे सतीशचंद्र विद्याभूषण १९०९-१० च्या सुमारास सुमंगल महाथेरांकडे अध्ययनाला आले, तेव्हा ते स्वतः नामांकित पंडित होते.

इतक्या देशांची माणसं एका छपराखाली, तर बोलायचे कोणत्या भाषेत? पालिला स्वतःची लिपी नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. सिंहली माणूस ती सिंहली अक्षरांत लिहितो, ब्रह्मी माणूस ब्रह्मी अक्षरांत, सयामी माणूस सयामी अक्षरांत. सयामच्या राजा चुलालंकरणने १८९३ साली ३९ खंडांत त्रिपिटक छापून जगभरच्या ग्रंथालयांना पाठवलं, ते सयामी अक्षरांत. लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून रोमन अक्षरांत छापायला घेतलं. म्हणजे एकच सूत्र चार भिक्षू चार लिप्यांतून वाचणार, चार पद्धतीने उच्चारणार, आणि अर्थ मात्र एकमेकांना समजणार. देवनागरीत मात्र जवळपास काहीच नव्हतं. ज्या देशात हे सगळं घडलं त्या देशाच्या लिपीत ते वाचायची सोय नव्हती!

अशा ठिकाणी १९०२ साली धर्मानंद कोसंबी पोचले. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. शालेय शिक्षण बेताचं, घरची शेती नारळांची. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते डोक्यात बसलं. हे मासिक अमेरिकन मिशनचं होतं, ही इतिहासाची मौज. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. भांडारकरांना भेटले, ग्वाल्हेरला गेले, मग काशी. काशीला गंगाधरशास्त्री तेलंगांकडे संस्कृत शिकले, अन्नछत्रात जेवून. तिथून नेपाळ, कारण बुद्धाचा धर्म तिथे जिवंत असेल असं वाटलं होतं. काठमांडूत जे दिसलं त्याने निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि शेवटी कोलंबो. आज आपण तिकीट काढून जातो. या माणसाने खिशात जवळपास काही नसताना हा सगळा प्रदेश पालथा घातला. त्यांचं 'निवेदन' हे आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं, माझं टिपण मागाहून वाचलं तरी चालेल.

सुमंगल महाथेर संस्कृतचे उत्तम जाणकार, कोसंबी काशीचे संस्कृत विद्यार्थी. पालिकडे जायला ही वाट सोपी होती. विद्योदयात त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि अध्ययन सुरू केलं. सिंहली अक्षरं शिकणं आलंच.

अशा विहारातलं राहणं कसं असतं, याचा आराखडा विनयातच घालून दिलेला आहे. दुपारी बारा वाजल्यानंतर अन्न नाही. मानाचा क्रम वयाने, घराण्याने किंवा देशाने ठरत नाही. उपसंपदा घेऊन किती वर्षावास झाले त्यावर ठरतो. पंचवीस वर्षांचा सयामी भिक्षू आधी उपसंपन्न झालेला असेल तर चाळिशीचा ब्राह्मण पंडित त्याला नमस्कार करणार आणि पंगतीत त्याच्या खाली बसणार. शिष्याने उपाध्यायाला सकाळी दातवण आणि पाणी द्यायचं, पात्र धुवायचं, खोली झाडायची. इथवर आपल्या गुरुकुलासारखंच. पण पुढचा भाग आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही: शिष्य आजारी पडला तर हीच सगळी कामं उपाध्यायाने शिष्यासाठी करायची. दातवण, पाणी, पात्र, केरवारे, सगळं. नियमातच तसं लिहिलं आहे.

जेवण हा कोसंबींच्या मुक्कामातला मोठा प्रश्न ठरला. सिंहली स्वयंपाकात वाळवलेला मालदीवचा मासा मसाल्यासारखा भाजीतही पडतो. मिरची सढळ. भिक्षूने पात्रात पडेल ते घ्यायचं. बुद्धाने मासे-मांसावर सरसकट बंदी घालायची देवदत्ताची मागणी फेटाळली होती, त्यामुळे थेरवादी विहारात यावरून वादाला जागा नाही. कोसंबींना ते मानवलं नाही, प्रकृती साथ देईना. अवंतीसाठी वहाणेचा आणि आंघोळीचा अपवाद निघाला होता. जेवणाचा तसा काही निघाला नाही. वर्षभराने, १९०३ साली, ते मद्रासला परतले. नंतर ब्रह्मदेश.

आता एक अवघड भाग. तो सोडून पुढे गेलं तर टिपण गोड होईल, पण खरं राहणार नाही.

जातीपातीच्या देशातून बाहेर पडलेला माणूस बुद्धाच्या संघात गेला, आणि तिथे त्याला काय मिळालं? सुमंगल महाथेर ज्या सयाम निकायाचे होते, त्याचा इतिहास असा. अठराव्या शतकात लंकेत उपसंपदेची परंपरा तुटली होती. दहा भिक्षू सोडा, पाचही धड उरले नव्हते. तेव्हा राजा कीर्तिश्री राजसिंह याने सयामहून उपालि थेरांना बोलावलं आणि १७५३ साली कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली. पण थोड्याच वर्षांत ती गोयिगम या शेतकरी उच्च जातीपुरती मर्यादित करण्यात आली. समुद्रकाठच्या सलागम, कराव, दुराव जातींच्या भिक्षूंना ती नाकारली. मग अंबगहपिटिये ज्ञानविमल थेर १७९९ साली काही श्रामणेरांना घेऊन ब्रह्मदेशात अमरपुरीला गेले, तिथे उपसंपदा घेतली, आणि १८०३ साली परत येऊन अमरपुर निकाय सुरू केला. १८६४ मध्ये तिसरा, रामञ्ञ निकाय निघाला.

म्हणजे ज्या संघात मानाचा क्रम केवळ वर्षावासावर ठरायचा, त्या संघाच्या दारातच जात उभी. गंमत अशी की परदेशी माणसाला ही अडचण येत नव्हती. गोव्याचा सारस्वत, जपानचा झेन भिक्षू, कंबोडियाचा श्रामणेर यांची सिंहली जात कोणाला विचारायची? ते विद्योदयात शिकू शकत होते. अडचण होती ती शेजारच्या गावातल्या सलागम मुलाची, सयाम निकायाच्या उपसंपदेच्या वेळी. बहुरंगी समाज दूरच्या माणसाला आत घेऊन घडतो तसा जवळच्याला बाहेर ठेवूनही दिसायला छान दिसू शकतो. आपल्या इंदूर संस्थानाच्या शाळा-वसतिगृहांचा इतिहास लिहिताना हा प्रश्न मी हाताशी ठेवतो.

ब्रह्मदेशात कोसंबींना एक जर्मन सोबती मिळाला. वीसबाडेनचा अँटोन ग्युथ, मूळचा व्हायोलिनवादक, १९०३ साली रंगूनला श्रामणेर झालेला, भिक्षू नाव ञाणतिलोक. हे दोघे १९०४ साली बरोबर सिंगापूरला गेले, क्वालालंपूरला एका सिंहली भिक्षूकडे महिनाभर राहिले, परत ब्रह्मदेशात आले, आणि सगाइंगच्या डोंगरात एका गुहेत ध्यानाच्या अभ्यासाला बसले. गोव्याचा शेतकरी, जर्मनीचा वादक, ब्रह्मी गुरू. तिघांमध्ये समान असं पालिखेरीज काय होतं? ञाणतिलोकांनी पुढे १९११ साली लंकेत पोल्गस्दुव बेटावर युरोपीय भिक्षूंसाठी आश्रम काढला आणि ते तिथेच राहिले. कोसंबी परत आले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे परत येणं.

त्याचीही किंमत होती, आणि ती एकट्याने भरली नव्हती. घर सोडलं तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होत्या. 'निवेदना'त कोसंबी हे लपवत नाहीत. परंपरेत यशोधरेची बाजू जशी दोन-चार ओळींत आटपते, तशी बाळाबाईंची आटपू नये. चरित्र लिहिणाऱ्यांनी त्या वर्षांचा हिशेब साखवाळच्या घरातूनही मांडायला हवा. १९०६ साली चीवर उतरवून ते गृहस्थाश्रमात परतले. १९०७ साली जन्मलेला मुलगा दामोदर म्हणजे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजलेले डी. डी. कोसंबी.

कलकत्त्यात नॅशनल कॉलेज आणि विद्यापीठ इथे पालि शिकवण्याचं काम मिळालं होतं. ते सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पन्नास रुपयांची मदत पत्करली. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि मराठीत लिहायचं. बडोद्यातल्या व्याख्यानांचं 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटं पुस्तक झालं. कलकत्त्याच्या पगारापेक्षा हे मानधन कितीतरी कमी, पण मराठी मुलखात पालि शिकवायची ही संधी त्यांना हवी होती. १९१० ते १९१२ अमेरिकेत हार्वर्डला बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचं काम केलं, आणि परत येऊन १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवलं. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत. १९५६ साली बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून भारत सरकारने जो ग्रंथ काढला, त्याचे संपादक बापटच.

इथे महिंदाची कसोटी लावून पाहा. मराठी मुलखात जन्मलेला, मराठी मुलखातच शिकलेला आणि तिथेच शिकवायला बसलेला पालिचा शिक्षक. कोसंबी स्वतः या कसोटीत बसत नाहीत, त्यांना कोलंबोला जावं लागलं. बापट बसतात.

हार्वर्डच्या 'विसुद्धिमग्गा'ची कथा स्वतंत्र टिपणाचा विषय आहे. रोमन आवृत्ती निघायला १९५० साल उजाडलं, कोसंबींच्या मृत्यूनंतर. पण त्यांनी देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाकडून काढली, आणि त्यावर स्वतः पालि भाषेत टीका लिहिली. लक्षात घ्या, अट्ठकथा महिंदाने लंकेत नेल्या आणि त्या सिंहलीत गेल्या. पाचव्या शतकात बुद्धघोषाने त्या सिंहलीतून पुन्हा पालित आणल्या. आणि विसाव्या शतकात एका गोवेकराने बुद्धघोषाला सिंहली अक्षरांतून देवनागरीत आणलं.

पालि ही मुळात उज्जैनची बोली, असंही एक मत युरोपीय पंडितांत होतं. वेस्टरगार्ड आणि कून यांनी ते मांडलं. आधार दोन: महिंद उज्जयिनीचा होता, आणि पालि ही अशोकाच्या गिरनारच्या लेखातल्या भाषेला जवळची आहे. ओल्डेनबर्गने कलिंगाकडे बोट दाखवलं. सिंहली परंपरा तिला मागधीच म्हणते. आज बहुतेक अभ्यासक तिला अनेक बोलींचं मिश्रण मानतात. माळव्याचा माणूस म्हणून वेस्टरगार्डचं मत मला गोड लागतं, पण केवळ गोड लागतं म्हणून ते धरून बसता येत नाही. अनेक बोलींचं मिश्रण हेच त्या संघाला शोभतं. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे: ब्राह्मण कुळातले दोन भाऊ बुद्धाकडे तक्रार घेऊन आले की नाना जातींचे, नाना कुळांचे भिक्षू आपापल्या बोलीत बोलून तुमचं वचन बिघडवतात, आम्ही ते छंदात बांधतो. बुद्धाने नकार दिला आणि आपापल्या निरुक्तीत शिकायची मुभा दिली. 'आपापल्या' म्हणजे कोणाच्या यावर बुद्धघोषापासून आजवर वाद आहे. कोसंबींनी आयुष्यभर मराठीत लिहून आपलं उत्तर दिलं असं म्हणायला हरकत नाही.

कुररघरचा सोण श्रावस्तीला पोचला तेव्हा बुद्धाने त्याला आपल्याच कुटीत उतरवलं आणि पहाटे काहीतरी म्हणायला सांगितलं. सोणाने सुत्तनिपातातला अट्ठकवग्ग म्हटला. बुद्धाने त्याचा आवाज आणि स्पष्ट उच्चार यांची तारीफ केली. अट्ठकवग्गात अत्तदंड सुत्त आहे. माणसं हातात शस्त्रं घेऊन एकमेकांवर धावताना पाहून भय वाटलं, असं त्यात बुद्ध सांगतो. कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा बाजूला ठेवली आणि गृहत्यागाचं कारण या सुत्तात शोधलं. शाक्य आणि कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा त्याच्या मुळाशी धरला. डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा'मध्येही गृहत्याग रोहिणीच्या तंट्यावरूनच होतो.

बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. त्या दौऱ्यात कोलंबोलाही बोलले. सयाम निकायाची कँडी ती हीच. आणि त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. परिसराचं नाव नागसेनवन. प्राचार्य म. भि. चिटणीस. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात खेड्यापाड्यातली, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं तिथे आली.

नाव असं का ठेवलं ते 'मिलिंदपञ्ह' वाचल्यावर कळतं. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, नागसेन थेरांना वादाला बोलावतो. नागसेन विचारतात, महाराज, पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? फरक काय, तर पंडित हरला तर रागावत नाही, राजाला मात्र विरोध झाला की तो शिक्षा फर्मावतो. मिलिंद पंडितासारखा वाद करायचं कबूल करतो. कॉलेजला विजयी थेराचं नाव न देता प्रश्न विचारणाऱ्या आणि हार मान्य करणाऱ्या परदेशी राजाचं नाव दिलं, ही निवड मला फार मोलाची वाटते. पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखडे आणि तिथले गंगाधर पानतावणे यांच्याभोवती 'अस्मिता' आणि 'अस्मितादर्श' उभं राहिलं, आणि दलित साहित्याच्या चळवळीला घर मिळालं. (महाराष्ट्रातल्या कोणत्याही वर्गात आज एखादा मिलिंद असतोच. कोणत्या ग्रीकाच्या नावाने हाक मारली जाते हे त्याला सांगायला हवं.)

आता परत माळव्यात. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेझी यांना सांची आणि सतधारा इथल्या स्तूपांत सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या नावाच्या अस्थिमंजूषा सापडल्या. त्या लंडनला गेल्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. १९४७ साली त्या निघाल्या त्या आधी कोलंबोला पोचल्या, १९४९ साली कलकत्त्याला आल्या, आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत, त्यांची स्थापना झाली. विहाराची व्यवस्था श्रीलंकेच्या महाबोधी सोसायटीकडे आहे. २०१२ साली सांचीला बौद्ध विद्यापीठाची कोनशिला बसवायला लंकेचे राष्ट्राध्यक्ष आले होते. त्यांचं नाव महिंद राजपक्षे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी चेतियगिरीत अस्थी दर्शनासाठी बाहेर काढतात. इंदूरहून भोपाळ, आणि भोपाळहून पुढे पन्नासेक किलोमीटर. लंका, थायलंड, ब्रह्मदेश, जपानचे भिक्षू येतात, आणि महाराष्ट्रातून बसेस भरून माणसं येतात. मंडळाने यंदा तिकडे जायचं ठरवलं तर जाड तळव्याचे जोडे घालून या. पाऊस लांबला असेल तर आवाराबाहेरच्या शेतांतली माती अजून तशीच आहे.